कार्टून शैलीचे मॉडेल विमान : साहित्य आणि बांधणीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या हौशी वाचकांकडून सतत येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात आले असेल तेथे ते पुन्हा न लिहिता त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. आकडेमोडीसाठी सर्वत्र एकच नमुना धरला आहे : पंखांचा एकूण विस्तार ८० सेंमी, पंखाची रुंदी २२ सेंमी, धड १५ सेंमी जाड व ४० सेंमी लांब, आणि उड्डाणाचे वजन ५०० ग्रॅमच्या आसपास.

१. कार्टून शैलीचे विमान म्हणजे नेमके काय? साध्या मॉडेलपेक्षा ते वेगळे कसे?

खऱ्या विमानाची ओळख पटवणाऱ्या दोन-तीन गोष्टी फुगवायच्या आणि बाकीच्या आखडून घ्यायच्या, ही या शैलीची रीत. नाक मोठे, धड आखूड व गोलमटोल, पंख बुटके पण रुंद, चाके थोराड, आणि चालकाची काच जवळपास विमानाच्या निम्म्या उंचीची. हे काम व्यंगचित्रकाराच्या कामासारखेच आहे. सगळेच फुगवले तर ओळख हरवते. म्हणून कागदावर आधी बाजूने दिसणारी आकृती काढावी, घरातल्या कोणाला तरी दाखवावी आणि विमान ओळखू आले तरच पुढे जावे. बांधणीच्या दृष्टीने खरा फरक असा की या विमानात आकारमान फार आणि लांबी थोडी असते, त्यामुळे नेहमीच्या नकाशांतले साहित्य आणि मापे जशीच्या तशी चालत नाहीत.

२. सुरुवात कोठून करू? साहित्य आधी घेऊ की नकाशा आधी काढू?

दोन्हींच्या आधी एकच ठरवावे : विमान उडवायचे आहे की मांडून ठेवायचे आहे. मांडायच्या विमानाला वजनाची पर्वा नसते, तेथे पुठ्ठा, कागदाचा लगदा, सनबोर्ड, लाकूड असे काहीही चालते (प्रश्न १४). उडवायच्या विमानाचा मात्र आधी हिशेब मांडावा लागतो. आपल्या नमुन्यात मोटर, ईएससी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे सर्किट), बॅटरी, रिसीव्हर (रिमोटचे संदेश घेणारा भाग), चार छोटे सर्वो (शेपूट-पंखांच्या झडपा हलवणाऱ्या मोटरी) आणि प्रोपेलर मिळून साधारण २४० ग्रॅम होतात, म्हणजे धड, पंख, शेपूट, गोंद आणि रंग या सगळ्यांसाठी २६० ग्रॅमच उरतात. हा आकडा नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा आणि प्रत्येक भाग तयार झाला की स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलावा.

३. थर्माकोल, एक्सपीएस, डेप्रॉन, ईपीपी, फोम बोर्ड, सनबोर्ड... यांतले नेमके कोणते घ्यावे?

सर्वाधिक घोटाळा येथेच होतो, आणि त्याचे मूळ सनबोर्ड या नावात आहे. स्टेशनरीच्या किंवा फ्लेक्सच्या दुकानात सनबोर्ड मागितला की बहुधा पीव्हीसीचा फेसाळ पत्रा हातात येतो. तो कापायला सुरेख आणि रंगवायला सोपा असला तरी त्याची घनता घन सेंटिमीटरला सुमारे अर्धा ग्रॅम असते. ५ मिमी जाडीच्या एका चौरस मीटरचे वजन अडीच किलोच्या घरात जाते, आणि आपल्या नमुन्याचा नुसता पंख ४४० ग्रॅमचा होतो. तोच पंख ६ मिमी डेप्रॉनच्या एका थरातून कापला तर ३५ ते ४० ग्रॅममध्ये होतो. परदेशी चित्रफितींत दिसणारा फोम बोर्ड ही आणखी तिसरीच वस्तू आहे : दोन्ही बाजूंना कागद आणि मध्ये पॉलिस्टायरीनचा फेस. तो चौरस मीटरला अर्धा किलो किंवा थोडा अधिक भरतो आणि शिकाऊ विमानाला पुरेसा असतो. दुकानात शंका आली तर ताव हातात तोलून पाहावा. फरक काटा न लावताही कळतो.

बाकीच्यांची निवड भागाच्या कामावरून करावी. संपूर्ण विमान एकाच साहित्याचे करण्याचा हट्ट हेच बहुतेक जड विमानांचे कारण असते. पांढरा दाणेदार थर्माकोल घनमीटरला १५ ते २० किलो, म्हणजे सर्वांत हलका. पण त्याचे दाणे निघतात, म्हणून तो आतल्या गाभ्यासाठी ठेवावा. इमारतीच्या छताखाली उष्णतारोधक म्हणून वापरतात तो एक्सपीएस ३० ते ३५ किलो भरतो, पॉलिश पेपरने सफाईदार घासला जातो, आणि फुगीर धडासाठी त्याच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही. डेप्रॉन हा त्याचाच पातळ, गुळगुळीत भाऊबंद असून पंख आणि शेपटीसाठी चांगला. ईपीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचा फेस, लवचिक असते, आपटले तरी तुटत नाही, मात्र ते घासून आकार देणे त्रासाचे आणि रंगवणे त्याहून कठीण. नाकाचा पुढचा भाग तेवढा ईपीपीचा करणे मला शहाणपणाचे वाटते, कारण विमान पडते ते नाकावरच.

४. राज्यात थर्माकोलवर बंदी आहे ना? मग वापरणे बेकायदेशीर ठरेल का?

महाराष्ट्राच्या २०१८ सालच्या अधिसूचनेचा रोख एकदाच वापरून फेकायच्या ताटवाट्या आणि सजावट यांवर होता, म्हणूनच गणपतीची थर्माकोलची मखरे बाजारातून गेली. इमारतीसाठीचा एक्सपीएस ही वेगळी वस्तू आहे. हौशी मंडळींनी नवा थर्माकोल शोधत फिरण्यापेक्षा टीव्ही किंवा फ्रिजच्या खोक्यातून आलेले तुकडे वापरावेत. वस्तू वाया जात नाही आणि खर्चही नाही. मंडळाच्या किंवा शाळेच्या सजावटीसाठी विमान करायचे असेल तर मात्र थर्माकोल टाळून पुठ्ठ्याकडे वळावे.

५. गोलमटोल धड कसे करायचे? सपाट तावातून तर गोल होत नाही.

तीन पद्धती आहेत. पहिली थरांची. धडाचे आडवे छेद कागदावर काढून ते २५ मिमी एक्सपीएसमधून कापावेत, एकावर एक चिकटवावेत आणि ब्रेड कापायच्या सुरीने ओबडधोबड, मग ८० नंबरच्या आणि शेवटी २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून आकार आणावा. थर चिकटवताना गोंद कडेपर्यंत आणू नये. वाळलेल्या गोंदाची कड फोमपेक्षा टणक असते आणि घासताना तेथे उंचवटा राहतो.

असे भरीव धड मोठे दिसते तेवढे जडही होते. आपल्या नमुन्याचे अंडाकृती धड सुमारे ४७०० घन सेंटिमीटरचे आहे. भरीव एक्सपीएसमध्ये ते १५५ ग्रॅम होते, म्हणजे २६० पैकी निम्म्याहून अधिक एकट्या धडात संपतात. आतून पोखरून १२ मिमीची भिंत ठेवली तर तेच ५० ग्रॅमच्या आसपास उतरते. म्हणून थर चिकटवण्याआधीच प्रत्येक छेदाचा मधला भाग कापून काढावा, बाहेरून आकार आल्यावर पोखरत बसू नये. नाकापाशी मोटर बसते तेथे आणि पंख टेकतो तेथे मात्र भिंत जाड ठेवून ३ मिमी प्लायवूडची चकती बसवावी.

दुसरी पद्धत सांगाड्याची : डेप्रॉनचे किंवा बाल्साचे गोल छेद ठरावीक अंतरावर उभे करून त्यांवर अरुंद पट्ट्या एकीला एक लावत जायच्या. धड सर्वांत हलके होते, पण दुहेरी वक्रता असलेल्या नाकावर प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना निमुळती कापावी लागते आणि नवख्याचा धीर तेथेच सुटतो.

तिसरी पद्धत म्हणजे धड गोल न करताच गोल भासवणे. बाजूची आकृती एकाच सपाट तावातून कापायची आणि त्यावर फुगवट्याची छाया रंगवायची. दहा मीटरवरून ते चित्र हवेत उडताना पाहण्याची मजा काही औरच असते, आणि पहिल्या विमानासाठी हीच पद्धत सुचवावीशी वाटते.

६. तापलेल्या तारेने फोम कापता येतो असे ऐकले आहे. घरी करणे सुरक्षित आहे का?

पॉलिस्टायरीनसाठी, म्हणजे थर्माकोल, एक्सपीएस आणि डेप्रॉनसाठी, होय. ईपीपीही तारेने कापले जाते. धनुकलीत ताणलेली बारीक निक्रोमची तार आणि १२ व्होल्टचा बदलता येणारा वीजपुरवठा पुरतो. तार लाल होऊ देऊ नये. लाल तार फोम कापत नाही, खाते. काम खिडकी उघडून किंवा गच्चीवर करावे.

दोन अपवाद काटेकोर पाळावेत. पीव्हीसीच्या सनबोर्डला तापलेली तार कधीही लावू नये, कारण त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा दाहक वायू निघतो. पिवळसर पॉलियुरेथेन फोमही तारेने कापू नये. त्याचा धूर विषारी असतो. तो सुरीनेच कापावा आणि घासताना तोंडावर मास्क असावा.

७. फेविक्विक लावले आणि फोम विरघळून खड्डा पडला. मग कोणता गोंद वापरायचा?

साधे फेविक्विक आणि फेविबॉण्डसारखे द्रावक असलेले रबरी गोंद पॉलिस्टायरीन खातात. मोठ्या पृष्ठभागासाठी पांढरा फेविकॉल चांगला, परंतु दोन फोमच्या मध्ये हवा पोहोचत नाही, त्यामुळे रुंद जोड आतून दिवसेंदिवस ओला राहतो. उपाय सोपा आहे : दोन्ही बाजूंना पातळ थर द्यावा, तो जवळपास पारदर्शक होईपर्यंत थांबावे आणि मग दाबून चिकटवावे. मोटरची चकती, चाकांचे पाय आणि पंखाची काडी यांसाठी ॲरल्डाइटच घ्यावे. हॉट ग्लू गन घाईच्या कामाला ठीक असली तरी ती जड पडते आणि उन्हात सैल होते. तरीही वापरायची असेल तर कमी तापमानाची घ्यावी.

सर्वांत फसवा प्रकार रेझीनचा. सातपूर किंवा अंबडमध्ये फायबरची कामे करणाऱ्यांकडे सहज मिळते ते रेझीन बहुधा पॉलिस्टर असते, त्यात स्टायरीन असते, आणि ते उघड्या थर्माकोलवर ओतले तर काचकापड बसण्याआधीच गाभा नाहीसा होतो. फोमवर थेट काचकापड चढवायचे तर रेझीन एपॉक्सीच हवे. ईपीपीची गोष्ट उलटी आहे : त्याला द्रावकाचे भय नसते, पण त्याला फेविकॉल धड धरत नाही, म्हणून तेथे रबरी गोंदच कामास येतो.

८. पंखाला आधार म्हणून कार्बनचीच काडी लागते का?

लागत नाही. ८० सेंमीच्या पंखाला चांगला वाळलेला बांबू पुरतो. पतंगाच्या कामट्या बनतात तोच बांबू, मात्र कामटीपेक्षा जाड, ४ ते ५ मिमीची पट्टी घ्यावी आणि तिची सालीकडची बाजू तासून टाकू नये, कारण चिवट धागे तेथेच दाट असतात. येवल्याच्या संक्रांतीमुळे जिल्ह्यात असा बांबू ओळखून निवडणारे हात पुष्कळ आहेत, त्यांना विचारावे. पट्टी पंखाच्या सर्वांत जाड जागी, पुढच्या कडेपासून साधारण एकतृतीयांशावर बसवावी. कार्बनची नळी हलकी आणि सरळ असते एवढाच तिचा फायदा. मात्र ती रिसीव्हरच्या अँटेनाजवळून नेऊ नये, कारण कार्बन रेडिओ लहरी अडवतो.

९. बाल्सा लाकूड घेणे परवडते का? आणि गरज आहे का?

बाल्सा घनमीटरला १०० ते २०० किलो असतो, म्हणजे फोमपेक्षा जड पण कितीतरी ताठ. कार्टून विमानात त्याची खरी जागा शेपटीत आहे : हलक्या बाल्साच्या काड्यांची चौकट करून वर पतंगाचा कागद चढवला की भरीव डेप्रॉनपेक्षा हलकी शेपूट मिळते. शेपटीचा ग्रॅम वाचवणे का मोलाचे, ते पुढच्या प्रश्नात पाहा. संपूर्ण विमान बाल्साचे करायला हरकत नाही, पण गोल धडाला त्यात फार वेळ जातो.

१०. विमान दिसते छान, पण उडताना नाक वर-खाली झोके घेते. चूक कोठे होते?

आखूड धड हेच या शैलीचे मुख्य दुखणे आहे. आडवी शेपूट तरफेसारखी काम करते. ती पंखाच्या जितकी जवळ, तितकी मोठी हवी. हिशेब असा : पंखाचे क्षेत्रफळ गुणिले पंखाची रुंदी गुणिले ०.५, भागिले पंखापासून शेपटीपर्यंतचे अंतर. आपल्या नमुन्यात पंख १७६० चौरस सेंमी आहे. नेहमीच्या लांब विमानासारखे हे अंतर ५० सेंमी असते तर ३८७ चौरस सेंमीची शेपूट पुरली असती. कार्टूनमध्ये ते ३० सेंमी होते आणि ६४५ चौरस सेंमी लागतात, म्हणजे पंखाच्या सदतीस टक्के. चित्रात शेपूट छोटी गोंडस दिसते म्हणून ती तशीच ठेवली की झोके सुरू होतात. उभ्या शेपटीचेही तसेच, उलट अधिक, कारण फुगीर नाकाचा बाजूचा पसारा विमानाला आडवे वळवू पाहतो. धड, नाक, चाके हवी तशी फुगवावीत किंवा आखडावीत, शेपूट मात्र हिशेबाने येईल तेवढीच ठेवावी.

दुसरे कारण गुरुत्वमध्याचे. तो पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या २५ ते ३० टक्क्यांवर, म्हणजे आपल्या नमुन्यात ५.५ ते ६.६ सेंमीवर यावा. बॅटरी बसवून पंखाखाली दोन बोटे लावून तोलावे; नाक किंचित खाली झुकले तर चालेल, शेपूट झुकता कामा नये. नाक आखूड असल्याने येथे भुर्दंड मोठा पडतो : शेपूट गुरुत्वमध्यापासून ३० सेंमी मागे आणि मोटर १२ सेंमी पुढे असेल तर शेपटीवरच्या प्रत्येक जादा ग्रॅमसाठी नाकात अडीच ग्रॅम भरावे लागतात. शिसे भरण्याआधी बॅटरी पुढे सरकेल एवढी पोकळी धडात ठेवलेली बरी.

११. मोटर कोणती घ्यावी? जाड नाकामुळे प्रोपेलरचा वारा अडत नाही का?

अडतो, पण वाटतो तितका नाही, कारण प्रोपेलरचा मधला भाग तसाही थोडेच ओढतो. नाकाची जाडी प्रोपेलरच्या व्यासाच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावी. १५ सेंमी नाकापुढे १० इंची, म्हणजे २५.४ सेंमीचा प्रोपेलर त्या मर्यादेत बसतो. ड्रोनच्या सुट्या भागांत सगळीकडे मिळणारी २२१२ मापाची १००० केव्हीची (केव्ही म्हणजे दर व्होल्टला मिनिटाचे फेरे) मोटर, ३० अँपिअरचा ईएससी आणि तीन सेलची १३०० एमएएच बॅटरी ५०० ग्रॅमच्या विमानाला भरपूर होते. बंदिस्त धडात मोटर आणि ईएससी तापतात, म्हणून नाकात हवा शिरायला भोक आणि मागे बाहेर पडायला त्याच्या दीडपट-दुप्पट भोक हवेच. पुढचे भोक हसऱ्या तोंडाच्या आकाराचे करता येते.

१२. रंग, आवरण आणि ती मोठी काच कशी करायची?

स्प्रेच्या डब्यातला रंग उघड्या फोमवर मारू नये. त्यातले द्रावक प्रश्न ७ मधल्या गोंदासारखेच वागते. आधी ब्राउन पेपर किंवा पातळ कागद पाणी घातलेल्या फेविकॉलने चढवावा, वाळल्यावर घासावा आणि भिंतीसाठीचा पाण्यातला ॲक्रिलिक रंग पातळ करून लावावा. गोलाईवर कागद बोटाएवढ्या पट्ट्यांनीच चढवावा, सलग तावाला सुरकुत्या पडतात. इस्त्रीने चिकटवायची फिल्म फोमला वापरायची असेल तर कमी तापमानाचीच घ्यावी. डोळे, दात, नंबर व्हिनाइलमधून कापून चिकटवावेत. रंगापेक्षा ते हलके आणि रेखीव होतात.

काचेसाठी दोन लिटरच्या शीतपेयाची बाटली उत्तम. हव्या आकाराचा लाकडी ठोकळा गुळगुळीत करून बाटलीत सरकवावा आणि हॉट एअर गनने सर्व बाजूंनी गरम करावे. प्लास्टिक आक्रसून ठोकळ्यावर घट्ट बसते. मग कटरने कापून काढावे.

१३. ओझरला बनलेल्या मिग-२१ चे कार्टून करता येईल का? त्याच्या नाकात तर प्रोपेलर बसत नाही.

येईल, आणि नाशिककराने ते करावे हे साहजिकच आहे. ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ च्या उत्पादनासाठीच उभा राहिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हे विमान वायुदलातून निवृत्त झाले. व्यंगचित्राला ते सोयीचे आहे : नळीसारखे धड, नाकात शंकू, त्रिकोणी पंख. शंकू आणि नाकाची कड फुगवावी, धड निम्मे करावे, नाकापुढची लांब सळई कोल्ड्रिंकच्या स्ट्रॉची करावी म्हणजे कोणाला लागणार नाही.

प्रोपेलर पंखामागे, धडात आडवी खाच पाडून तिच्यात फिरता ठेवावा. मोटर अशी मागे गेल्याने बॅटरी अगदी नाकात न्यावी लागते. गुरुत्वमध्याचा प्रश्न १० मधला आकडा येथे लागू नाही, कारण पंखाची रुंदी मुळाशी जास्त आणि टोकाला शून्य असते. सरळ मागची कड असलेल्या त्रिकोणी पंखात तो मुळाच्या लांबीच्या बरोबर मध्यावर येतो : मूळ ३६ सेंमीचे असेल तर मुळाच्या पुढच्या टोकाकडून १८ सेंमीवर. पहिल्या उड्डाणाला तो त्याच्याही सेंटिमीटरभर पुढे ठेवावा.

१४. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मोठे विमान हवे आहे, उडवायचे नाही. स्वस्तात काय करता येईल?

खोक्याच्या पुठ्ठ्याचा सांगाडा करावा आणि त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे पाच-सहा थर खळीने चढवावेत. बारीक उठावासाठी कागदाचा लगदा वापरावा; कागदी गणपती करणाऱ्यांचे तंत्र येथे जसेच्या तसे चालते. पावसाळ्यात खळीला बुरशी लागते, म्हणून शिजवताना चिमूटभर मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने हे काम मोठ्यांनीच करावे, किंवा सरळ फेविकॉल वापरावा. थर वाळल्याशिवाय पुढचा चढवू नये. टांगायचे असेल तर दोरी कागदात न अडकवता सांगाड्यातल्या लाकडी पट्टीला बांधावी.

१५. थ्रीडी प्रिंटरवर सगळे विमानच छापले तर?

साधे पीएलए घन सेंटिमीटरला १.२४ ग्रॅम भरते, म्हणजे एक्सपीएसच्या जवळपास चाळीसपट. मोटरची बैठक, चाकांचे डिश, सर्वोची खोकी छापावीत. धड छापू नये. छापताना फुगणारे हलके पीएलए मिळते, पण त्याचे प्रिंटरवरचे तापमान जुळवण्यात बराच धागा खर्ची पडतो. शिवाय पीएलए ६० अंशांच्या सुमारास मऊ पडते, आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढे तापमान सहज होते. गडद रंगवलेला फोमही गाडीत ठेवू नये. तो वाकतो आणि पंखात आलेला पीळ सहसा नजरेस येत नाही, उड्डाणातच कळतो.

१६. नाशिकमध्ये असे विमान कोठेही उडवता येते का? खेळणेच तर आहे.

कोठेही नाही. ड्रोन नियम, २०२१ मध्ये छंदाची रिमोटवरची विमानेही येतात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किमीपर्यंत हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात परवानगीविना फक्त २०० फुटांपर्यंत, आणि त्यापलीकडच्या हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उडवता येते. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. नाशिकला एका बाजूला ओझरचा विमानतळ, दुसरीकडे गांधीनगरची लष्करी धावपट्टी आणि देवळालीचा तोफखाना असल्याने डोळ्यांना मोकळे दिसणारे माळरान नियमाने मोकळे असतेच असे नाही. केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय मंचावरच्या नकाशात जागा तपासावी आणि नोंदणीबाबतचा चालू नियमही पाहून घ्यावा. छंदासाठीच्या २ किलोपर्यंतच्या विमानाला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण ती सूट क्षेत्राच्या मर्यादेला लागू होत नाही.

संक्रांतीच्या आसपास विमान घरातच ठेवावे. मांजा प्रोपेलरच्या दांड्यावर गुंडाळला की मोटर अडते, ईएससी जळतो, आणि सर्वोंना त्याच ईएससीतून वीज मिळत असल्यामुळे विमान हाताबाहेर जाते.